जर्मनची मान आणि तुणतुण्याची तार



या आठवड्यात पेठहून एक पत्र आलंय. पेठ म्हणजे पुण्यातली शनिवार किंवा नारायण पेठ नव्हे बरं का! पुण्याहून नाशिककडे निघालात की मंचरच्या अलीकडे घाटाजवळ लागतं ते आंबेगाव तालुक्यातलं पेठ. पत्र लिहिणारी मैत्रीण सातवीत आहे. ती लिहिते:

‘आमच्या घरात पणजोबांचं तुणतुणं भिंतीला टांगलेलं आहे. दिवाळीत पुण्याचा आतेभाऊ आला होता. तो गिटार शिकतो. तो म्हणाला, अमेरिकेत जर्मनची मान असलेल्या गिटारी निघाल्या होत्या आणि आता जुन्या झाल्यावर त्या लाखो रुपयांना विकल्या जातात. पातेल्याच्या धातूची गिटार? तो मला बनवतोय ना? आणि तसं असेल तर आमच्या तुणतुण्यालाही काही किंमत आहे का? आजी म्हणते राहू दे भिंतीवर, काका म्हणतात माळ्यावर टाका.’

पत्रात प्रश्न दोन आहेत. पहिल्याचं उत्तर लगेच देऊन टाकतो. आतेभाऊ खरं बोलतोय. दुसरा प्रश्न अवघड आहे. त्याच्याकडे जाण्यासाठी आधी थोडी वाट चालावी लागेल.

‘जर्मन’ हा शब्द शहरातल्या काही वाचकांना नवा असेल. आपल्याकडे गावोगाव ॲल्युमिनियमला जर्मन म्हणतात, कुठे जर्मल म्हणतात. लग्नाच्या पंगतीचा भात शिजतो ते मोठे टोप, दुधाच्या किटल्या, शाळेतली खिचडीची पातेली, हे सगळं जर्मन. वजनाला हलकं आणि सहसा गंजत नाही. एक घन सेंटिमीटर लोखंडाचं वजन ७.८ ग्रॅमच्या आसपास भरतं, तेवढ्याच ॲल्युमिनियमचं फक्त २.७ ग्रॅम. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आधी तुणतुणं

तुणतुणं तुम्ही जत्रेत, गोंधळात किंवा पोवाड्याच्या वेळी पाहिलंच असेल. एक छोटं नळकांडं, बहुधा लाकडाचं. त्याचं खालचं तोंड चामड्यानं मढवलेलं. बाजूला बांबूची काठी ठोकलेली. काठीच्या वरच्या टोकाला एक खुंटी. चामड्याच्या मधोमध अडकवलेली तार नळकांड्यातून वर येते आणि खुंटीला गुंडाळली जाते. वाद्य काखेत धरायचं आणि लाकडाच्या लहान तुकड्यानं तार छेडायची. झालं! ना पडदे, ना दुसरी तार. एकच सूर, पण तो सोडायचा नाही. शाहीर डफावर थाप मारून गातो तेव्हा मागे उभे असलेले झीलकरी ‘जी जी’ करत त्या एका सुराला धरून राहतात. ‘किती वेळ आपलंच तुणतुणं वाजवतोस!’ असं आपण म्हणतो ते यावरूनच.

पेठहून थोडं पुढे गेलं की नारायणगाव. त्याला तमाशाची पंढरी म्हणतात. पाडव्याच्या सुमारास तिथे फडमालकांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच जत्रेसाठी तमाशा ठरवायला येतात. याच नारायणगावच्या विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांना १९५७ आणि १९९० असा दोनदा राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. तेव्हा पेठच्या मैत्रिणीच्या भिंतीवरचं तुणतुणं काही वाट चुकून तिथे आलेलं नाही. ते त्याच्या मुलखातच आहे.

तारेचं ओझं

आता एक गंमत पाहा. वाद्याला तार लावली की ती सतत ओढत असते. तुम्ही झोपलात तरी ती ओढतच असते. तुणतुण्याला एकच तार, म्हणून बांबूची काठी पुरते. गिटारीला सहा तारा. विजेच्या गिटारीच्या सहाही तारा सुरात लावल्या की त्यांची मिळून ओढ चाळीस-पन्नास किलोच्या घरात जाते. म्हणजे कांद्याची एक भरलेली गोणी त्या बारीकशा दांडीला रात्रंदिवस लटकलेली आहे असं समजा!

गिटारीच्या या दांडीला इंग्रजीत ‘नेक’, म्हणजे मान म्हणतात. ती लाकडाची असते. लाकूड पावसाळ्यात ओल पितं, उन्हाळ्यात सुकतं आणि ओढ सतत असली की वर्षानुवर्षांनी वाकतं. दांडी वाकली की तारा पडद्यांपासून उचलल्या जातात. मग बोटं दुखतात आणि सूर बेसूर होतो. यावर एक उपाय शंभर वर्षांपूर्वीच निघाला होता. लाकडी दांडीच्या पोटात पोलादी सळई घालायची आणि ती पिळून दांडी सरळ करायची. आजही बहुतेक गिटारींत ही सळई असते.

पण काहीजणांनी विचार केला, सळई लपवायची कशाला? दांडीच धातूची केली तर?

वाजणारा तवा

गंमत म्हणजे बाजारात आलेली पहिली विजेची गिटार पुरती ॲल्युमिनियमचीच होती. अमेरिकेत लॉस एंजलिस शहरात जॉर्ज बीचम आणि ॲडॉल्फ रिकनबॅकर यांनी १९३२ साली ती विकायला काढली. गोल अंग आणि लांब दांडी, सगळं एकाच साच्यात ओतलेलं. दिसायला हुबेहूब दांडीचा तवा. लोकांनी तिचं नावच ‘फ्राइंग पॅन’ ठेवलं! ती मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून पोलादी कांब सरकवत वाजवायची. या प्रकाराला हवाईयन गिटार म्हणतात. आपल्याकडेही ती चांगलीच रुजली. मुंबईत व्हॅन शिपले यांनी विजेच्या गिटारीवर हिंदी सिनेमाच्या चाली वाजवून तबकड्या गाजवल्या. १९६७ मध्ये ब्रिजभूषण काबरा यांनी शिवकुमार शर्मांच्या संतूरच्या आणि हरिप्रसाद चौरसियांच्या बासरीच्या जोडीला हीच मांडीवरची गिटार बसवून रागसंगीत वाजवलं. ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ती तबकडी घरात कुणाकडे असेल तर जरूर ऐका.

पण ही गिटार विजेवर बोलते कशी? तुमच्या सायकलचा डायनॅमो आठवा. चुंबक आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं, यातलं एक हललं की वीज तयार होते आणि दिवा लागतो. गिटारीत तारांजवळ चुंबक आणि वेटोळं बसवलेलं असतं. चुंबकामुळे पोलादी तार स्वतःही थोडीशी चुंबक बनते. ती थरथरली की वेटोळ्यात तशीच थरथरणारी बारीकशी वीज वाहते. ती वाढवून ध्वनिक्षेपकातून सोडली की झाला आवाज. म्हणजे तार पोलादाचीच हवी. आणि ॲल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही हे तर पातेल्याला चुंबक लावून आत्ताच पाहता येईल. त्यामुळे दांडी जर्मनची असली तरी चुंबकाचं लक्ष तारांवरच राहतं.

फ्राइंग पॅनला मात्र एक खोड होती. रंगमंचावरचे दिवे लागले, तवा तापू लागला की तिचा सूर हलायचा! का ते पुढे पाहू.

मान धातूची, अंग लाकडाचं

१९७४ साली कॅलिफोर्नियात ट्रॅव्हिस बीन नावाच्या माणसानं दोघा साथीदारांबरोबर गिटारी बनवायला घेतल्या. त्याची कल्पना साधी होती. तारेची दोन टोकं कुठे असतात? एक खुंटीकडे, दुसरं अंगावरच्या घोडीकडे. एरवी मधे लाकूड, जोड, स्क्रू असं बरंच काही येतं. बीननं ॲल्युमिनियमचा एकच अखंड तुकडा घेतला. खुंट्यांपासून निघून तो दांडीतून थेट अंगाच्या पोटात, घोडीच्या खालपर्यंत जातो. म्हणजे तारेची दोन्ही टोकं एकाच धातूला धरून उभी. बाजूंचं अंग तेवढं लाकडाचं.

त्याचा परिणाम? तार एकदा छेडली की सूर लांबत जातो. वाजवणारे म्हणतात की तो घंटेसारखा स्वच्छ येतो. मानही काही केल्या वाकत नाही. पण घन धातू कापून, घासून एकेक दांडी काढायची म्हणजे वेळ आणि पैसा दोन्ही खाणारं काम. १९७९ मध्ये कारखाना बंद झाला. तोवर साडेतीन हजारांच्या आसपास वाद्यं बनली होती. बीनच्या साथीदारांपैकी गॅरी क्रेमर आधीच वेगळा झाला होता. त्यानं स्वतःच्या नावाच्या गिटारी काढल्या. मान ॲल्युमिनियमचीच, पण मागच्या बाजूला लाकडाच्या पट्ट्या बसवलेल्या. दांडीचं टोक शाळेतल्या नादकाट्यासारखं, दोन शिंगांचं. फ्लोरिडात जॉन वेलेनो या कारागिरानं तर अंगासकट सगळी गिटार ॲल्युमिनियमची केली. अशा त्याच्या दोनशेच्या आसपासच झाल्या.

क्रेमरनं लाकडाच्या पट्ट्या का लावल्या असतील? दोन कारणं. एक, वजन. मघाचा आकडा आठवा. ॲल्युमिनियम लोखंडापेक्षा हलकं, पण लाकडाच्या मानानं जड. घन सेंटिमीटरला गिटारीचं लाकूड एक ग्रॅमही भरत नाही. मान जड झाली की गिटार गळ्यात घातल्यावर एकीकडे झुकते. दुसरं कारण, गारठा. थंडीच्या सकाळी पितळी तांब्याला हात लावा आणि लाकडी पाटाला लावा. दोन्ही रात्रभर एकाच खोलीत होते, म्हणजे तापमान सारखंच. तरी तांब्या गार लागतो. धातू उष्णतेचा सुवाहक आहे, तो तुमच्या हाताची ऊब झटकन ओढून घेतो. धातूची मान धरणाऱ्याची पहिली तक्रार हीच असते: हात गारठतो!

सूर का हलतो?

आता फ्राइंग पॅनची खोड. तापमान वाढलं की वस्तू लांबते हे तुम्ही विज्ञानात शिकता. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट लांबतं. गिटारीवर तारेची लांबी साधारण ६५ सेंटिमीटर असते. दांडी आणि तारा दहा अंश सेल्सिअसनं तापल्या असं धरा. ॲल्युमिनियमची दांडी मिलिमीटरचा सातवा हिस्सा लांबेल. पोलादी तार तेवढ्यात त्याच्या निम्मीच लांबेल. म्हणजे दांडी पुढे गेली, तार मागे राहिली. मग तार ताणली जाते आणि सूर चढतो. गार झालं की उलट, सूर उतरतो. फरक केसाएवढा असतो, पण तयार कानाला तो खुपतो. म्हणून ही गिटार वाजवणारे आधी पाच-दहा मिनिटं ती हातात धरून ऊब देतात आणि मग सुरात लावतात.

यात नवल वाटायचं कारण नाही. आपले डफवाले आणि हलगीवाले वाजवण्याआधी काय करतात? शेकोटीवर चामडं शेकतात! ओल आली की चामडं सैल पडतं, शेकलं की आवळतं. तुणतुण्याचं चामडंही दमट हवेत ढिलं झालं की तार ढिली पडते आणि सूर उतरतो. मग खुंटी पिळायची. वाद्य कॅलिफोर्नियाचं असो की आंबेगावचं, हवामानाशी त्याची अशी रोजची बोलाचाली असतेच.

एक उधळ्या, एक कंजूष

पण या दोन वाद्यांत एक फार मोठा फरक आहे आणि तो समजला की मजा येते. तार छेडता तेव्हा तुम्ही तिला थोडी ऊर्जा देता. ती ऊर्जा पुढे कुठे जाते?

तुणतुण्याची तार ती चामड्याला देते. चामडं जोरात थरथरतं आणि हवेला हलवतं. म्हणून एवढंसं वाद्य, पण तुणतुण आवाज दूरवर पोचतो. मात्र सगळी ऊर्जा चटकन खर्च होते, सूर लगेच विझतो आणि पुन्हा पुन्हा छेडावं लागतं. तुणतुणं उधळं आहे. हातात आलं की वाटून मोकळं.

धातूच्या मानेची गिटार याच्या उलट, पक्की कंजूष! दांडी इतकी ताठ की तारेनं दिलेला धक्का ती तारेलाच परत करते. त्यामुळे तार बराच वेळ थरथरत राहते. पण वीज नसताना ती छेडली तर शेजारच्या माणसालाही नीट ऐकू येत नाही. तिचा आवाज मोठा करण्याचं काम विजेकडे असतं, म्हणून तिला कंजूष राहणं परवडतं. तुणतुण्याला बिचाऱ्याला वीज कुठली? त्याला उधळंच असावं लागतं. कुठलंही वाद्य पाहिलंत की हा प्रश्न विचारा: हे वाटणारं आहे की राखणारं? मग त्याची बरीचशी रचना आपोआप उलगडेल.

किंमत कशाची?

आता पेठच्या मैत्रिणीचा दुसरा प्रश्न. आमच्या तुणतुण्याला किंमत आहे का?

ट्रॅव्हिस बीनच्या त्या जुन्या गिटारी महाग का? पहिलं कारण उघड आहे. त्या थोड्याच बनल्या. ज्यांच्याकडे पैसा आहे असे काही लोक त्या विकत घेतात आणि पेटीत कुलूपबंद ठेवतात. पण दुसरं कारणही आहे. काही जणांनी त्या सोडल्याच नाहीत. अमेरिकेतले स्टीव्ह अल्बिनी हे त्यातले एक. ते जुनी ट्रॅव्हिस बीन गिटार वर्षानुवर्षं मंचावर वाजवत राहिले. पट्टा खांद्यावर न टाकता कमरेला बांधायचे. २०२४ च्या मे महिन्यात ते गेले. त्यांची गिटार ऐकून कितीतरी तरुणांना या वाद्याचं वेड लागलं. आज अमेरिकेत काही कारागीर पुन्हा धातूच्या मानेच्या गिटारी घडवतात. वाद्य पेटीत राहिलं असतं तर हे झालं असतं का?

तुणतुणं विकायला काढलं तर लाख सोडा, हजार मिळणंही कठीण. त्यातला बांबू, चामडं, तार, सगळं बदलता येतं. पण इथेच त्याची खरी गोष्ट आहे. धातूची मान माणसांनी विसरली तरी पन्नास वर्षं सरळ राहते. तुणतुण्याचं तसं नाही. कुणी तार बदलली, चामडं मढवलं, खुंटी बसवली, तरच ते जगतं. पणजोबांचं तुणतुणं आज भिंतीवर शाबूत आहे याचा अर्थ मधल्या काळात कुणीतरी त्याची काळजी घेतली. मिरजेचंच पाहा ना. तिथे सतारी आणि तंबोरे घडवणारी घराणी दीडशेहून जास्त वर्षं हे काम करताहेत. पंढरपूर-मंगळवेढा भागातले भोपळे आणायचे, सुकवायचे, दांडी जोडायची. जुना तंबोरा आला तर तो उघडून पुन्हा बोलता करायचा. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ते मिळालं लाकडाला आणि भोपळ्याला नव्हे, तर हातातल्या विद्येला.

म्हणून आजी आणि काका या दोघांच्या मधे एक तिसरी वाट आहे. तुणतुणं माळ्यावर नको, तिथे उंदीर चामडं कुरतडतील. नुसतं भिंतीवरही नको. ते खाली काढा. कोरड्या फडक्यानं पुसा. तार गंजली असेल तर बदला. वाजवून झालं की खुंटी किंचित सैल करा, म्हणजे चामड्यावरची ओढ कमी होईल. चुलीजवळ किंवा ओल्या भिंतीला टांगू नका. आणि मुख्य म्हणजे आजीला विचारा: पणजोबा कुठे वाजवायचे? कुणाच्या साथीला? कुठल्या जत्रेत? ती सांगेल ते मोबाइलवर तिच्याच आवाजात ध्वनिमुद्रित करून ठेवा. गावात कुणी जुने झीलकरी असतील तर त्यांच्याकडून तार छेडायची रीत शिकून घ्या. ही माणसं आज आहेत तोवर विद्या आहे. तुणतुणं सुतार आणि चांभार मिळून पुन्हा बनवू शकतील, पण ठेका धरण्याची ती रीत दुकानात मिळत नाही.

आईबाबांनाही एक विनंती. घरातली जुनी पेटी, झांज, सनई किंवा बँडचं पितळी वाद्य भंगारात घालण्याआधी एकदा थांबा. काट्यावर धातूचं वजन होतं, सुराचं होत नाही. निदान ते कुणाचं होतं आणि कसं वाजायचं, एवढं मुलांना सांगून मग काय ते ठरवा.

करून पाहा

हातभर लांबीची लाकडी फळी घ्या. दोन्ही टोकांना एकेक खिळा ठोका आणि मधे बारीक पोलादी तार ताणून बांधा. दोन पेन्सिलींचे तुकडे तारेखाली घोडीसारखे सरकवा. (तार बांधताना मोठ्यांना बरोबर घ्या. फार ताणू नका आणि चेहरा लांब ठेवा. तार तुटली तर डोळ्याला लागू शकते.)

आधी फळी हातात धरून तार छेडा. आवाज बारीक येईल. आता तीच फळी रिकाम्या पत्र्याच्या डब्यावर किंवा लाकडी टेबलावर दाबून धरा आणि पुन्हा छेडा. आवाज मोठा झाला ना? पण तो आधीइतकाच वेळ टिकला का? दोन्ही वेळा सेकंद मोजा आणि वहीत लिहा. तुमची फळी कधी कंजूष असते आणि कधी उधळी, ते तुम्हीच सांगा.

या आठवड्याचं कोडं

एका हुशार मुलानं सुचवलं, ‘ॲल्युमिनियमच्या दांडीला तारादेखील ॲल्युमिनियमच्याच लावू. दोन्ही सारख्याच लांबतील, म्हणजे तापलं तरी सूर हलायचा नाही!’ त्याचं म्हणणं बरोबर आहे. पण ही विजेची गिटार मंचावर नेली तर ध्वनिक्षेपकातून हूं की चूं येणार नाही. का बरं? उत्तर याच लेखात दडलंय. शोधा आणि पोस्टकार्डावर लिहून पाठवा.